बुद्धिबळाच्या सोंगट्यांनी गणित शिकवताना: आधी नग, मग मोल

"हत्ती अधिक घोडा किती?" असं विचारलं की पहिली-दुसरीतलं मूल बहुधा "दोन" म्हणतं. मोठं माणूस लगेच दुरुस्त करतं, "अरे, हत्ती पाचाचा, घोडा तीनाचा. आठ!" मूल मान डोलावतं. मग "दोन उंट किती?" विचारलं की कधी दोन, कधी तीन, कधी पाच असं काहीही उत्तर येतं आणि घरात ठरतं की याचं गणित कच्चं आहे.

मुलाचं काही चुकलेलं नसतं. त्याच्या पुढ्यात खरोखर दोनच वस्तू आहेत. आपण "किती" या एकाच शब्दात दोन वेगळे प्रश्न विचारले: सोंगट्या किती, आणि त्यांचं मोल किती. बाजारात हा घोळ होत नाही. नारळवाला "किती देऊ?" म्हणतो तेव्हा तो नग विचारतो, आणि "किती झाले?" हे आपण विचारतो तेव्हा पैसे. तिथे फरक प्रसंगावरून कळतो. पटावर तो कळत नाही, म्हणून तो शिकवावा लागतो, आणि तोही सगळ्यात आधी. खाली दिलेला क्रम यासाठीच आहे. टप्पे उलटसुलट केले तर पुढे पाढ्यांपाशी सगळं अडतं.

हा क्रम साधारण पहिली ते चौथीच्या मुलांसाठी आहे. मुलाला बुद्धिबळ खेळता येण्याची गरज नाही. उलट येत नसेल तर सुरुवातीला सोपंच जातं.

## तयारी

सोंगट्या मोठ्या हव्यात. स्पर्धेत वापरतात तसा, साधारण साडेनऊ सेंटिमीटर उंच राजा असलेला प्लॅस्टिकचा संच आणि गुंडाळता येणारा पट सर्वांत चांगला. प्रवासातला छोटा चुंबकी संच नको. त्यात उंट आणि प्यादं सारखेच दिसतात आणि मूल मोजण्याऐवजी ओळखण्यातच दमतं.

सोबत हे जमवा:

- पन्नासेक चिंचोके. नसतील तर राजमा किंवा बटणं चालतील, पण सगळी एकसारखी हवीत.
- स्टीलची एक वाटी. आतलं दिसणार नाही अशीच.
- हातभर लांबीचा जाड दोरा.
- एक वही आणि पेन्सिल. पाटी असेल तर फारच छान, पुसायला सोपी.

घरात रांगतं मूल असेल तर चिंचोके मोजून काढा आणि मोजून परत ठेवा. प्यादंसुद्धा तोंडात जाऊ शकतं.

नावं आधी ठरवा. कुणी वजीर म्हणतं, कुणी राणी; इंग्रजी शाळेतली मुलं क्वीन आणि रूक म्हणतात. कोणतंही चालेल, पण आई एक आणि बाबा दुसरं असं नको.

मोलही एकदाच ठरवा: प्यादं १, घोडा ३, उंट ३, हत्ती ५, वजीर ९. उंट घोड्यापेक्षा किंचित सरस, म्हणून त्याला सव्वातीन धरणारे खेळाडू आहेत. ते आपल्या कामाचं नाही.

सावध: राजाला मोल देऊ नका, शून्यही नाही. राजा गेला की डाव संपतो, म्हणून खेळात त्याची किंमत लावतच नाहीत. "राजा शून्याचा" असं सांगितलं की मूल विचारतं, "मग तो नसला तरी चालेल?" त्यापेक्षा दोन्ही राजे पेटीतच राहू द्या. पटाबाहेरच्या कामासाठी मग ३० सोंगट्या उरतात.

वेळ पंधरा ते वीस मिनिटं. मूल अजून मागत असतानाच पेटी बंद करा.

## टप्पा १: नुसते नग

दोन-तीन दिवस मोलाचा उल्लेखही करू नका. सोंगट्या ओता आणि मुलाला त्या त्याच्या मनाने लावू द्या. काही मुलं रंगाने लावतात, काही आकाराने. दोन्ही बरोबर. मग विचारा: "घोडे किती नग? प्यादी किती नग? घोडे जास्त की हत्ती?"

"नग" हा शब्द मुद्दाम, प्रत्येक वेळी वापरा. सुरुवातीला अवघडल्यासारखं वाटतं, पण पुढची सगळी भिस्त याच शब्दावर आहे.

मोजताना मूल सोंगटीला हात लावून ती बाजूला सरकवतं का ते बघा. नुसत्या नजरेने मोजणारं मूल १६ प्यादी कधी १५ मोजतं, कधी १७. त्याला "परत मोज" असं सांगू नका. "मोजलेलं इकडे, न मोजलेलं तिकडे" एवढंच दाखवा.

तपासा: ७ प्यादी जवळजवळ मांडा आणि मोजून घ्या. मग तीच पसरून ठेवा आणि विचारा, "आता किती नग?" मूल पुन्हा पहिल्यापासून मोजू लागलं तर याच टप्प्यावर अजून काही दिवस थांबा. "सातच की!" असं पटकन आलं तर पुढे जा.

## टप्पा २: नगाला मोल येतं

मोल तोंडी सांगू नका. ते विकत घ्यायला लावा. तुम्ही दुकानदार, मूल गिऱ्हाईक, चिंचोके हे पैसे. घोडा हवा तर तीन चिंचोके, हत्ती हवा तर पाच. मूल चिंचोके मोजून देतं आणि सोंगटी घेतं. नंतर उलट करा: मूल दुकानदार. तुम्ही मुद्दाम एक चिंचोका कमी द्या आणि ते पकडतं का बघा.

आता पहिल्यांदा दोन्ही प्रश्न पाठोपाठ विचारा. "तुझ्याकडे किती नग? त्यांचं मोल किती?" दोन घोडे असतील तर नग २, मोल ६. वहीत दोन खाने आखा, एकावर नग आणि दुसऱ्यावर मोल, आणि प्रत्येक खरेदीनंतर दोन्ही लिहा.

इथे सगळेच घाई करतात. मोल पाठ झालं म्हणजे समजलं असं वाटतं. तसं नसतं. पाचाचं नाणं हे एकच नाणं असूनही पाच रुपये असतं, ही गोष्ट मुलाच्या हाताला कळायला निदान आठवडा लागतो. सोंगट्यांच्या बुडाला आकड्यांची चिठ्ठी चिकटवायची असेल तर पहिल्या आठवड्यापुरतीच, मग काढून टाका. नाहीतर मूल सोंगटी उलटी करून आकडा वाचत बसतं.

तपासा: तीन प्यादी एका बाजूला, एक घोडा दुसऱ्या बाजूला. "नग कुठे जास्त? मोल कुठे जास्त?" पहिल्याला "प्यादी" आणि दुसऱ्याला "सारखंच" अशी उत्तरं न अडखळता यायला हवीत. ती येईपर्यंत बेरजेला हात घालू नका. संपूर्ण लेखातली एकच तपासणी करायची असेल तर ही करा.

## टप्पा ३: वजिराचे सुट्टे

बेरीज सुरू करायची ती सुट्ट्यांपासून. "वजिराचे सुट्टे दे" म्हणा. मूल नऊ प्यादी मोजून देतं (एका रंगाची आठच असतात, म्हणून दुसऱ्या रंगातलं एक घ्यावं लागतं, ते मुलालाच शोधू द्या). मग विचारा, "वेगळे सुट्टे देता येतील?"

मध्ये दोरा आडवा ठेवा. दोऱ्याच्या एका बाजूला वजीर, दुसऱ्या बाजूला सुट्टे. हा दोरा म्हणजेच बरोबरचं चिन्ह. बरीच मुलं बरोबरचं चिन्ह म्हणजे "आता उत्तर लिही" अशी खूण समजतात आणि ९ = ५ + ३ + १ असं उलट लिहिलेलं गणित चूक ठरवतात. दोऱ्याच्या दोन्ही बाजू सारख्या मोलाच्या, हे एकदा हाताने केलं की ती समजूत रुजत नाही.

उंट-घोडा एकच धरले तर वजिराचे सुट्टे सहा प्रकारे होतात: नऊ प्यादी, एक घोडा आणि सहा प्यादी, दोन घोडे आणि तीन प्यादी, तीन घोडे-उंट, हत्ती आणि चार प्यादी, हत्ती, घोडा आणि एक प्यादं. ही यादी मुलाला देऊ नका. सगळे सापडायला तीन-चार दिवस लागले तरी हरकत नाही.

मग दहाची जोडी. दोन हत्ती म्हणजे दहा. वजीर आणि प्यादं म्हणजे दहा. तीन घोडे-उंट आणि एक प्यादं म्हणजेही दहा. आता एका रंगाची सगळी फौज मांडा, राजा सोडून, आणि एकूण मोल काढायला सांगा. एकेक करून मिळवत गेलं तर मूल मधेच चुकतं. दहा-दहाचे गट करायला लावा: दोन हत्ती हे पहिले दहा, वजीर आणि एक प्यादं हे दुसरे, तीन घोडे-उंट आणि एक प्यादं हे तिसरे. उरला एक उंट आणि सहा प्यादी, म्हणजे नऊ. तीन दहा आणि नऊ, एकूण ३९.

इथे आपली भाषा मदतीला येते. ३९ ला आपण एकोणचाळीस म्हणतो, म्हणजे चाळीसला एक उणा. समोरच्या फौजेतलं एक प्यादं आणून ठेवा: चाळीस. काढून घ्या: एकोणचाळीस. एकोणीस, एकोणतीस, एकोणपन्नास ही नावं ऐकून मुलं पुढच्या दहाचा आकडा आधी लिहितात आणि ३९ चे ४९ करतात. एक प्यादं ठेवणं आणि उचलणं, यातून ते नाव एकदाच नीट उलगडतं.

सावध: हातचा आणि एकक-दशक शिकवायला या सोंगट्या वापरू नका. इथे १, ३, ५, ९ अशी मोलं आहेत, दहाची सोंगटीच नाही. त्यासाठी काड्यांचे गठ्ठे किंवा एक-दहा-शंभरच्या खोट्या नोटाच बऱ्या.

## टप्पा ४: वाटीखाली काय?

"आठातून तीन गेले" एवढी एकच वजाबाकी शिकलेलं मूल "आठ तीनापेक्षा किती जास्त?" इथे अडतं. दोन्ही वेगळ्या दाखवायला हव्यात, आणि मग तिसरी, वाटीची.

पहिली, काढून घेणं: हत्ती आणि घोडा ठेवा, मोल ८. घोडा उचला. किती उरलं? दुसरी, तुलना: दोऱ्याच्या एका बाजूला हत्ती, दुसरीकडे घोडा. दोन्ही बाजू सारख्या व्हायला घोड्याकडे किती प्यादी ठेवावी लागतील? दोन. हत्ती देऊन घोडा घेतला तर दोनाचा तोटा, घोडा देऊन हत्ती घेतला तर दोनाचा नफा. पुढे गणितात नफा-तोटा येतो तेव्हा हीच अदलाबदल आठवण करून द्या.

तिसरी मला सगळ्यांत आवडते. काही सोंगट्या वाटीखाली झाका, काही बाहेर ठेवा. "सगळ्यांचं मोल बारा. बाहेर उंट आणि चार प्यादी. वाटीखाली काय?" बाहेर सात, म्हणजे आत पाच. पण पाच म्हणजे हत्ती? की घोडा आणि दोन प्यादी? की पाच प्यादी? मुलाला सगळ्या शक्यता सांगू द्या, मग विचारा, "वाटीखाली एकच नग आहे, आता?" नग आणि मोल या दोन्ही गोष्टी एकाच प्रश्नात वापराव्या लागतात, म्हणून पहिले दोन टप्पे पक्के झाले की नाही ते इथे कळतं.

सावध: वहीत "ह + घो = ८" असं अक्षरांनी लिहायची सवय लावू नका. "३ घो" म्हणजे तीन घोडे की घोड्याच्या मोलाची तिप्पट, हा गोंधळ पुढे बीजगणितात अक्षरं आली की डोकं वर काढतो. चित्र काढा किंवा सरळ ५ + ३ = ८ लिहा.

## टप्पा ५: पाढे आणि आयत

एकाच पेटीत दोन्ही रंगांचे मिळून चार घोडे आणि चार उंट असतात. म्हणजे तीनाचा पाढा "तीन आठे चोवीस"पर्यंत हाताने मांडता येतो. चार हत्तींवर पाचाचा पाढा "पाच चोक वीस"पर्यंत जातो. वजीर दोनच, म्हणून "नऊ दुणे अठरा"लाच थांबावं लागतं. संचात जादा वजीर असतील तर "नऊ चोक छत्तीस". त्यापुढे शेजारून दुसरी पेटी मागून आणा.

पाढा म्हणताना एकेक सोंगटी पुढे सरकवायची. "तीन त्रिक" म्हणताना तिसरा घोडा पुढे आला पाहिजे. तोंड पुढे आणि हात मागे राहिला तर थांबा, पुन्हा पहिल्यापासून. हीच वेळ आहे विचारायची: तीन त्रिक नऊ, यात पहिले तीन कोणते आणि दुसरे कोणते? पाढा तीनाचा, म्हणून पहिले तीन हे एका घोड्याचं मोल, आणि "त्रिक" हे नग.

आयतासाठी प्यादी आणि पट लागतो. १२ प्यादी द्या आणि पटावर पूर्ण भरलेला आयत करायला सांगा. ३ ओळींत ४, किंवा २ ओळींत ६. आता पट पाव फेरी फिरवा. तीन चोक बारा होते, ते चार त्रिक बारा झाले, आणि एकही प्यादं हललं नाही. मग ७ प्यादी द्या. एका ओळीशिवाय काही होत नाही. "मूळ संख्या" हा शब्द तेव्हा सांगितला तरी चालेल, न सांगितला तरी चालेल.

तपासा: रिकामा पट दाखवून विचारा, "सगळी घरं न मोजता किती घरं ते सांगता येईल?" आठ आठे चौसष्ट आलं की हा टप्पा झाला.

## टप्पा ६: पटावर पावलं

हत्ती कोपऱ्यात ठेवा आणि "तीन घरं पुढे ने" म्हणा. निम्म्याहून जास्त वेळा मूल ज्या घरात हत्ती उभा आहे त्यालाच "एक" म्हणतं आणि दोनच घरं पुढे जातं. साप-शिडीतही हीच चूक होते आणि शाळेत संख्यारेषेवरही. उपाय एकच: उभं आहे ते घर "शून्य" म्हणून मोठ्याने म्हणायचं, मग पाऊल टाकत एक, दोन, तीन. ओळीत घरं आठ, पण एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पावलं सात. हे मुलाला स्वतः चालून बघू द्या.

ते कळलं की रिकाम्या पटावर हत्ती (तो उभा-आडवा, सरळ चालतो) एका चालीत किती घरांवर जाऊ शकतो हे काढायला सांगा. कोपऱ्यातून ७ + ७, म्हणजे १४. मध्यभागी ठेवा, तरी १४. मुलं पुन्हा पुन्हा जागा बदलून बघतात, विश्वास बसत नाही. उंट तिरका चालतो, त्याचं तसं नाही: काठावर ७, मध्यभागी १३. वजीर दोघांसारखा चालतो, म्हणून मध्यभागी १४ + १३ = २७. बेरीज खरी आहे का ते घरं मोजून पडताळता येतं.

सावध: "घोडा अडीच घरं चालतो" हे आपण लहानपणापासून ऐकलंय. गणित शिकवताना ते म्हणू नका. अपूर्णांक शिकणारं मूल पटावर अर्धं घर शोधत बसतं. "दोन घरं सरळ, एक घर बाजूला" एवढंच म्हणा.

## टप्पा ७: वाटप, पाव आणि पाऊण

१६ प्यादी चौघांत वाटा, मग तिघांत. तिघांत प्रत्येकाला ५ आणि बाकी १. उरलेल्या प्याद्याचे तुकडे करता येत नाहीत, म्हणून "बाकी" म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. दुसरा भागाकारही घ्या: "माझ्याकडे चोवीस चिंचोके, किती घोडे येतील?" पहिल्यात वाटप आहे, दुसऱ्यात गट. दोन्हीला एकच चिन्ह असलं तरी मुलाला ती वेगळी कामं वाटतात, आणि ते बरोबरच आहे.

पटाचा अर्धा म्हणजे ३२ घरं, पाव म्हणजे १६, पाऊण म्हणजे ४८. दोऱ्याने पटाचे चार भाग करून दाखवा. सव्वा आणि दीड इथे आणू नका, एका पटाच्या बाहेर जावं लागतं.

चौथीतल्या मुलाला एक मोठं काम देता येतं. पटासारखा ८ बाय ८ चा तक्ता वहीत आखायचा आणि प्रत्येक घरातून घोड्याला किती चाली आहेत ते लिहायचं. कोपऱ्यात २, शेजारी ३, मध्यभागी ८. चारही कोपऱ्यांकडचे भाग सारखेच येतात हे लक्षात आलं की पाव तक्ता पुरतो: १३, १९, २६, २६ अशा चार ओळी, बेरीज ८४, आणि त्याच्या चौपट ३३६. ८४ आलं नाही तर चूक त्याच १६ घरांत शोधायची.

## मूल बुद्धिबळही शिकत असेल तर

दोन्ही वेगवेगळ्या वेळी ठेवा. गणितात जास्त मोल मिळवणारा पुढे असतो; खेळात वजीर देऊनही मात करता येते. हे सरळ सांगून टाका. नाहीतर मूल डावात नुसतं मोल गोळा करत सुटतं आणि त्याचा राजा उघडा पडतो.

## सोंगट्या कधी बाजूला ठेवायच्या

प्रत्येक टप्प्याच्या शेवटी त्याच प्रकारची चार गणितं सोंगट्यांशिवाय, तोंडी विचारा. मुलाचे डोळे क्षणभर वर जातात, बोटं टेबलावर काहीतरी सरकवल्यासारखी हलतात आणि उत्तर येतं, तर तो टप्पा संपला. मग त्या प्रकारच्या गणिताला पेटी उघडायची नाही, वही घ्यायची. उत्तर आलं नाही तर पेटी उघडा, पण सगळी ओतू नका. अडलेल्या गणिताला लागतील तेवढ्याच सोंगट्या काढा.